‘हो’ म्हणजे नक्की ‘हो’ ना?

मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला इंग्रजीतलं पहिलं अख्खं वाक्य कुठलं येतं? ‘माय नेम इज’ नव्हे. ‘मेयायकमिन्सर’! एका दमात, मध्ये कुठेही जागा न सोडता, आणि एक पाय आधीच वर्गात टाकून. सर फळ्याकडे तोंड करून उभे. ते वळत नाहीत, नुसती मान हलवतात. ती मान होकाराची होती की वैतागाची, हे कळायच्या आत पोरगा तिसऱ्या बाकावर पोचलेला असतो. वाक्यात शब्द पाच, पण ते पाच आहेत हे आम्हाला सातवीत कळलं.

पुढे इंग्रजीचे नवे सर आले आणि त्यांनी ‘कॅन आय गो आउट?’ विचारणाऱ्याला तिथेच उभं केलं. ‘जाता येतं की नाही ते तुझ्या पायांना विचार. जाऊ का, ते मला विचार.’ ‘कॅन’ म्हणजे जमणं आणि ‘मे’ म्हणजे मुभा, हा धडा जगभरच्या इंग्रजीच्या मास्तरांनी याच विनोदातून शिकवलाय. मराठीला ही कटकट नव्हती. ‘येऊ का?’ म्हटलं की काम झालं. आता मात्र ‘मी आत येऊ शकतो का?’ असं विचारणारी मंडळी वाढलीत, आणि दर वेळी मला त्या सरांसारखं ‘ते तुमच्या पायांना विचारा’ म्हणावंसं वाटतं.

साधं ‘हो’ फार गळकं असतं. म्हणूनच तर ‘परमिशन ग्रँटेड’, ‘नो ऑब्जेक्शन’, ‘क्लिअर्ड फॉर टेक-ऑफ’ अशी इस्त्री केलेली इंग्रजी वाक्यं जन्माला आली. त्यांच्या पोटात शिरलं की मजा सापडते. कधी काळजाचा ठोका चुकवणारी गोष्टही सापडते.

हरकत नाही, पण परवानगीही नाही

‘नो ऑब्जेक्शन सर्टिफिकेट’ उर्फ एनओसी उर्फ ना हरकत दाखला. आमच्या सोसायटीत एका भाडेकरूला त्यासाठी तीन रविवार खेटे घालावे लागले. पहिल्या रविवारी सेक्रेटरी म्हणाले, ‘आमची काही हरकत नाही.’ दुसऱ्या रविवारी अध्यक्षही तेच म्हणाले. तिसऱ्या रविवारी लेटरहेड संपलं होतं. हरकत कुणाचीच नव्हती, फक्त तसं लिहून द्यायला कुणी तयार नव्हतं.

एनओसीची गंमत अशी की ती देणारा ‘कर’ असं कधीच म्हणत नाही. तो एवढंच म्हणतो, की मी आड येणार नाही. उद्या काही झालंच तर ‘आम्ही कुठे सांगितलं होतं?’ म्हणायला जागा मोकळी. ही युक्ती आपल्या बाबूंनी काढलेली नाही. कॅथलिक चर्चमध्ये एखादं धार्मिक पुस्तक छापायचं तर आधी तपासनीस लॅटिनमध्ये ‘निहिल ऑब्स्टाट’ असा शेरा मारायचा. शब्दशः अर्थ, ‘काही आड येत नाही’. म्हणजेच ना हरकत! मग बिशप ‘इम्प्रिमातुर’ लिहायचा, म्हणजे ‘छापलं जावो’. तपासणारा वेगळा, परवानगी देणारा वेगळा, आणि शब्दही वेगळे. सोळाव्या शतकात गोव्यात छापखाना आला, आणि फादर स्टीफन्सचं कोकणीचं व्याकरण १६४० मध्ये रायतूरला छापलं गेलं, तेव्हा त्याच्याही मुखपृष्ठावर इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, परवानगीची ओळ होतीच. आपल्या मातीतल्या भाषेचं व्याकरण, पण ते छापायला परवानगी परक्यांची आणि परक्या भाषेत.

इंग्रजी चर्चमधल्या लग्नात तर पाद्री सगळ्या पाहुण्यांकडून तोंडी एनओसी घेतो. कुणाला हरकत असेल तर आत्ता बोला, नाहीतर कायमचे गप्प बसा. आपल्याकडे १९५४ चा विशेष विवाह कायदा तेच काम तीस दिवसांच्या नोटिशीवर करतो. पाद्री मात्र अर्ध्या मिनिटात आटोपतो.

एकच शब्द, दोन्हीकडून बोलणारा

पासपोर्ट कपाटातून काढा. मुखपृष्ठाच्या आत राष्ट्रपतींच्या नावाने एक लांबलचक इंग्रजी वाक्य आहे. धारकाला ‘विदाउट लेट ऑर हिंड्रन्स’ जाऊ द्यावं, अशी जगाला विनंती. आता ‘लेट’ म्हणजे ‘करू देणं’ हे आपण पाचवीत शिकलो. मग ‘लेट’शिवाय जाऊ द्या, याचा अर्थ काय लावायचा?

तर हा ‘लेट’ वेगळाच. जुन्या इंग्रजीत दोन क्रियापदं होती, एक ‘जाऊ देणं’ आणि दुसरं ‘अडवणं’. शतकानुशतकं घासून घासून दोन्हींचं रूप एकसारखं झालं. दुसरं हळूहळू बोलीतून गेलं, पण पासपोर्टात राहिलं. टेनिसमध्ये सर्व्हिस जाळीला लागून पडली की पंच ‘लेट’ पुकारतो, तोही बहुधा हाच अडवणारा ‘लेट’. हिंदी मजकुरात ‘बिना रोक-टोक’ असं लख्ख लिहिलंय, म्हणून बरं.

‘सँक्शन’चं दुखणं याहून मोठं. बँकेत ‘लोन सँक्शन झालं’ म्हटलं की पेढे, आणि बातम्यांत ‘इराणवर सँक्शन्स’ म्हटलं की कोंडी. मंजुरी आणि बंदी, दोन्ही एकाच शब्दात. मराठीने शहाणपणाने एकाला ‘मंजुरी’ म्हटलं आणि दुसऱ्याला ‘निर्बंध’.

रजा, राजीनामा आणि नजर

इंग्रजीत ‘लीव्ह’ म्हणजे सुट्टी, हे सगळ्यांना ठाऊक. पण मुळात ‘लीव्ह’ म्हणजे परवानगी. कामावर न येण्याची परवानगी मिळाली की माणूस घरी बसतो. हळूहळू परवानगी विसरली आणि घरी बसणं उरलं. सर्वोच्च न्यायालयाने मात्र मूळ अर्थ जपलाय. घटनेच्या १३६व्या कलमाखाली जी ‘स्पेशल लीव्ह पिटिशन’ दाखल होते, तिच्यात कुणी सुट्टी मागत नाही, अपील करायची खास परवानगी मागतात. असंख्य निकालपत्रांचं पहिलं वाक्य दोन शब्दांचं असतं: ‘लीव्ह ग्रँटेड.’ कोर्टाला सुट्टी लागली असं समजू नये.

मराठीत डिट्टो हेच घडलंय. ‘रजा’ हा अरबीतून फारसीमार्गे आलेला शब्द. मूळ अर्थ राजीखुशी, संमती. साहेबांची संमती मिळाली की घरी जायचं, म्हणून रजा म्हणजे सुट्टी. आणि ‘आता आपली रजा घेतो’ म्हणजे निरोप. इंग्रजीतही ‘टेक लीव्ह’ म्हणजे निरोप घेणंच. दोन भाषा, शब्दांची मुळं वेगळी असताना, परवानगीपासून निघून सुट्टी आणि निरोप या दोन्ही स्टेशनांवर उतरल्या. बहुतेक साहेब लोक सगळीकडे सारखेच असावेत.

त्याच घराण्यातला ‘राजी’, आणि त्याचा ‘राजीनामा’. शब्दशः संमतिपत्र! हिंदी-उर्दूत अजूनही राजीनामा म्हणजे तडजोडीचा, मान्यतेचा कागद. जुन्या मुंबई इलाख्यात शेतकरी जमिनीवरचा हक्क सोडताना ‘राजीनामा’ द्यायचा आणि नवा माणूस ‘कबुलायत’ लिहून द्यायचा. ‘मी राजीखुशीने सोडतो’ यातलं ‘सोडतो’ तेवढं आपण ठेवलं. राजकारणातले राजीनामे पाहिले की राजीखुशी का गळून पडली ते कळतं.

माझी आवडती जोडी मात्र ‘मंजूर’ आणि ‘व्हिसा’. अरबीत ‘मंजूर’ म्हणजे ‘पाहिलेलं’, आपल्या ‘नजर’चाच सख्खा भाऊ. आणि ‘व्हिसा’ हा लॅटिनमधून आला, अर्थ तोच, ‘पाहिलेला कागद’. म्हणजे दिल्ली दरबारात काय आणि युरोपात काय, वरिष्ठांनी कागदावर नजर टाकली की झाली परवानगी. आता हेच सरकारी फाइलीत करून बघा. साहेबांनी इंग्रजीत ‘सीन’ असा शेरा मारला तर त्याचा अर्थ फक्त ‘पाहिलं’. ना हो, ना नाही. व्हॉट्सॲपच्या दोन निळ्या टिकांचा हा मूळपुरुष.

राष्ट्रपतींनी विचारपूस केली नाही, पण मंजुरी दिली

केंद्र सरकारच्या कार्यालयाने काही खरेदी केली, कुणाला जादा रक्कम मंजूर केली, की पत्र येतं, ‘आय ॲम डायरेक्टेड टू कन्व्हे द सँक्शन ऑफ द प्रेसिडेंट’. अर्थात, राष्ट्रपतींची मंजुरी कळवण्याचा मला आदेश आहे. खुर्च्या असोत, कपाटं असोत किंवा अंतराळयान, राष्ट्रपती मंजूर! त्यांना या कपाटांची कानोकान खबर नसते. घटनेच्या ७७व्या कलमानुसार केंद्राचा सगळा कारभार त्यांच्या नावाने चालतो, म्हणून भाषा अशी. राज्यांसाठी १६६वं कलम आहे. महाराष्ट्राच्या कुठल्याही शासन निर्णयाच्या तळाशी पाहा, ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’, आणि खाली सही कुणाची? उपसचिवाची.

या पत्रांतला दुसरा पाहुणा ‘हिअरबाय’. मराठीत तो ‘याद्वारे’ होऊन आला. ‘याद्वारे परवानगी देण्यात येत आहे.’ हा शब्द काढून टाकला तर काय बिघडेल? बिघडेल. जे. एल. ऑस्टिन नावाच्या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९५५ मध्ये हार्वर्डला व्याख्यानं दिली. काही वाक्यं माहिती देत नाहीत, ती उच्चारली की कामच होतं, हा त्याचा मुद्दा. ‘मी परवानगी देतो’ हे परवानगीचं वर्णन नव्हे, हीच परवानगी. आणि असं वाक्य ओळखायची सोपी खूण म्हणजे त्यात ‘हिअरबाय’ घालून बघायचं. ‘मी याद्वारे परवानगी देतो’ हे बसतं. ‘मी याद्वारे भात कालवतो’ हे बसत नाही. सरकारी कारकुनांना हे तत्त्वज्ञान ऑस्टिनच्या आधीपासून येत होतं.

‘ओके’ने घात केला

आता जरा सावकाश.

‘ओके’ हा जगातला सर्वांत लाडका होकार. २३ मार्च १८३९ रोजी बोस्टनच्या एका वर्तमानपत्रात तो पहिल्यांदा छापून आला. ‘ऑल करेक्ट’चं मुद्दाम चुकवलेलं स्पेलिंग, आणि त्याची आद्याक्षरं. एक थट्टा. ती थट्टा टिकली. पण ‘ओके’चा अर्थ काय? ऐकलं? कळलं? मान्य? कर? पुढे बोल? सगळंच.

२७ मार्च १९७७. स्पेनच्या कॅनरी बेटांपैकी तेनेरिफचा लहानसा विमानतळ. शेजारच्या बेटावरच्या विमानतळात बॉम्ब फुटल्यामुळे वळवलेली मोठाली विमानं इथे दाटीवाटीने उभी. धुकं असं, की नियंत्रण कक्षातून धावपट्टी दिसेना. धावपट्टीच्या एका टोकाला डच केएलएमचं जंबो उड्डाणाच्या पवित्र्यात, आणि त्याच पट्टीवर धुक्यात समोरून येत असलेलं अमेरिकन पॅन ॲमचं जंबो.

नियंत्रकाने केएलएमला मार्गाची परवानगी दिली. उडाल्यावर कुठे वळायचं, किती उंची गाठायची ते सांगितलं. ही उड्डाणाची परवानगी नव्हती. पण तिच्यात ‘क्लिअर्ड’ हा शब्द होता आणि ‘टेक-ऑफ’ हाही होता. सहवैमानिकाने सूचना परत म्हणून दाखवली आणि शेवटी जोडलं, ‘वी आर नाउ ॲट टेक-ऑफ’. उड्डाणाच्या जागी उभे आहोत, की उड्डाण करतोय? नियंत्रकाने पहिला अर्थ घेतला आणि म्हणाला, ‘ओके.’ मग क्षणभर थांबून पुढे, ‘उड्डाणासाठी थांबा, मी सांगतो.’ नेमक्या त्याच क्षणी पॅन ॲमनेही रेडिओचं बटण दाबलं. दोन आवाज एकमेकांवर आदळले आणि केएलएमच्या कॉकपिटमध्ये एक कर्कश शिट्टी ऐकू आली. स्वच्छ ऐकू आलं ते फक्त ‘ओके’.

विमान धावायला लागलं होतं. मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली. तो पॅन अमेरिकनवाला बाजूला झाला नाही का अजून, असं त्याने विचारलं. कॅप्टन ठामपणे म्हणाला, झाला की. कंपनीतल्या सर्वांत ज्येष्ठांपैकी एक, इतरांना शिकवणारा कॅप्टन. इंजिनिअर पुढे बोलला नाही. ५८३ माणसं गेली. विमान वाहतुकीच्या इतिहासात दोन विमानांच्या टकरीत याहून जास्त माणसं आजवर गेलेली नाहीत.

त्यानंतर जगाने एक गोष्ट केली. ‘टेक-ऑफ’ हा शब्द रेडिओवर कुलपात घातला. तो फक्त दोनदा उच्चारायचा, प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना आणि ती रद्द करताना. एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचं. वैमानिकानेही नुसतं ‘ओके’ किंवा ‘रॉजर’ म्हणून भागत नाही. ‘क्लिअर्ड फॉर टेक-ऑफ’ हे शब्द जसेच्या तसे परत म्हणायचे. पुढच्या वेळी विमानात बसलात आणि इंजिनं गर्जू लागली, की समजा, पुढे कॉकपिटात नुकतेच हे शब्द दोनदा बोलले गेलेत.

रॉजर कोण होता?

कुणीच नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या बाराखडीत ‘आर’ या अक्षराला ‘रॉजर’ म्हणायचे, आणि ‘आर’ म्हणजे ‘रिसीव्ह्ड’, मिळालं. पुढे १९५६ मध्ये नवी बाराखडी आली आणि ‘आर’चा ‘रोमिओ’ झाला. अक्षर बदललं, पण रॉजर नोकरीवर राहिला. सिनेमातले लोक ‘रॉजर’ म्हणून थेट कामाला लागतात ते चूक. ‘रॉजर’ म्हणजे फक्त ‘ऐकलं’. ‘ऐकलं आणि करतो’ यासाठी वेगळा शब्द आहे, ‘विल्को’. घरात ‘भाजी आणा हो’ या हाकेला बहुतेक नवरे देतात तो रॉजर असतो, विल्को नव्हे.

आणि होकाराला ‘ॲफर्मेटिव्ह’ म्हणायचं नाही, ‘ॲफर्म’ म्हणायचं. कारण ‘ॲफर्मेटिव्ह’ आणि ‘निगेटिव्ह’ या दोन्हींची शेपूट एकच. खरखरत्या रेडिओवर पुढचा भाग गिळला गेला तर हो आणि नाही सारखेच ऐकू येतील.

हे सगळं लांबच्या बेटावर घडलेलं वाटू नये. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी दिल्लीजवळ हरियाणातल्या चरखी दादरीच्या आकाशात सौदी आणि कझाकस्तानी विमानांची टक्कर झाली, ३४९ जण गेले. सौदी विमानाला १४ हजार फुटांपर्यंत चढायची परवानगी होती, कझाक विमानाला १५ हजार फुटांपर्यंत उतरायची. मध्ये एक हजार फूट. परवानग्या अगदी स्वच्छ होत्या, पण कझाक विमानात इंग्रजी ऐकून समजून घेणं रेडिओवाल्याच्या भरवशावर होतं, आणि विमान ठरल्यापेक्षा खाली आलं. भाषेमुळे झालेल्या अशा अपघातांनंतर आंतरराष्ट्रीय उड्डाणं करणाऱ्या वैमानिकांना आणि नियंत्रकांना इंग्रजीची ठरावीक पातळी सक्तीची झाली. २००८ पासून तो नियम लागू आहे.

चंद्रावर ‘गो’ म्हणायची चोरी

नासात परवानगीचा शब्द एकच, ‘गो’. फ्लाइट डायरेक्टर एकेका टेबलाला विचारतो, ‘गो ऑर नो-गो?’ आणि तिकडून ‘गो!’ येतं. चटकन, एका अक्षरात. पण अपोलो-११ उतरायच्या आधी फ्लाइट डायरेक्टर जीन क्रान्झ आणि मंडळींच्या लक्षात आलं, की एकदा यान चंद्रावर टेकलं की ‘गो’ म्हणजे काय? ‘सगळं ठीक, थांबा’ की ‘निघा तिथून’? म्हणून २० जुलै १९६९ रोजी यान टेकल्याबरोबर प्रश्न बदलला, ‘स्टे ऑर नो-स्टे?’ थांबायचं की नाही. चंद्रावर पोचलेल्या माणसाला पृथ्वीवरून ‘बसा हो’ म्हणायची ही सोय.

वेताचं कडं आणि गुपित आकडा

रेल्वेतला मान ‘लाइन क्लिअर’चा. पुढच्या स्टेशनाने लाइन क्लिअर दिल्याशिवाय गाडी सोडायची नाही. नियमाच्या पुस्तकातलं भारदस्त नाव ‘अथॉरिटी टू प्रोसीड’. एकेरी मार्गावर ही परवानगी हातात धरता यायची, लोखंडी गोळा. यंत्रातून गोळा सुटला म्हणजे पुढचा रस्ता तुमचा. तो चामड्याच्या पिशवीत, पिशवी वेताच्या मोठ्या कड्याला, आणि न थांबणाऱ्या गाडीतून ड्रायव्हर हात बाहेर काढून ते कडं दंडात अडकवून घ्यायचा. परवानगी अशी खांद्याला दणका देऊन मिळायची.

यंत्र बंद पडलं तर? फोनवर. पण फोनवर ‘हो हो, सोडा’ चालत नाही. दोन्ही स्टेशन मास्तर एकमेकांना ‘प्रायव्हेट नंबर’ देतात. प्रत्येकाकडे आकड्यांचा छापील तक्ता असतो. त्यातला पुढचा आकडा सांगायचा, समोरच्याने लिहून घ्यायचा, वापरलेला आकडा खोडायचा. बँकांच्या ओटीपीचं कौतुक आपल्याला आता. रेल्वेला ते कित्येक दशकांपूर्वी सुचलं.

बारा वाजायची परवानगी

अमेरिकन नौदलातला जुना रिवाज. दुपारचे बारा वाजत आले की अधिकारी कॅप्टनला वर्दी देतो, बारा होत आलेत, घंटेचे आठ टोले द्यायला परवानगी असावी. कॅप्टन म्हणतो, ‘मेक इट सो.’ तसं करा. सूर्य डोक्यावर आलाय, घड्याळं जुळवलेली आहेत, पण कॅप्टन म्हणेपर्यंत जहाजावर बारा वाजत नाहीत. आपल्याकडे बारा वाजायला कुणाची परवानगी लागत नाही, एवढंच.

प्रकृतीसाठी घोटभर

महाराष्ट्रात दारूबंदी आहे. हसू नका. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा, आता ‘महाराष्ट्र’ नावाने, आजही लागू आहे. प्यायची असेल तर व्यक्तिगत परवाना लागतो, म्हणून तर बारच्या पाटीवर ‘परमिट रूम’. जगात इतरत्र पाट्यांवर बिअरचे पेले रंगवतात, आपण कायद्याचं कलम रंगवलं. एक दिवसाचा परवाना वर्षानुवर्षं पाच रुपयांत मिळत आलाय. सगळ्यात गोड आहे ते त्यावरचं कारण, प्रकृतीच्या रक्षणासाठी आणि जोपासनेसाठी. चौथ्या पेगनंतर प्रकृती जोपासणाऱ्यांचे आवाज परमिट रूमबाहेरही ऐकू येतात.

‘ओके’ची आणखी एक देशी आवृत्ती प्रत्येक ट्रकच्या पाठीवर आहे, ‘हॉर्न ओके प्लीज’. ही विनंती, परवानगी की आज्ञा? तिन्ही शब्द तीन दिशांना. उगमाच्या कथा डझनभर. हॉर्न वाजवायला हे आमंत्रण ठरतं, म्हणून २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने व्यापारी वाहनांवर ते लिहायला मनाई केली. ट्रकवाल्यांनी ती मनाई ‘सीन’ केली.

दुष्टपणाची लेखी परवानगी

संगणकवाल्यांनी ‘मे’चा प्रश्न कायमचा निकालात काढायचं ठरवलं. इंटरनेटचे नियम ज्या दस्तऐवजांत लिहितात, त्यांच्यासाठी १९९७ मध्ये एक टिपण निघालं. ‘मस्ट’ म्हणजे करायलाच हवं, ‘शुड’ म्हणजे करावं, आणि ‘मे’ म्हणजे खरोखर ज्याची त्याची मर्जी. शाळेतल्या सरांना फार आवडलं असतं. १ एप्रिल २०१३ रोजी मात्र त्याच मंडळींनी एक पुरवणी काढली. तिच्यात नवी पातळी होती, ‘हे करायलाच हवं, पण तुम्ही करणार नाही हे आम्हाला ठाऊक आहे’. आपल्या पार्किंगच्या पाट्यांना चपखल बसेल.

फुकट वाटल्या जाणाऱ्या कितीतरी सॉफ्टवेअरसोबत ‘एमआयटी लायसन्स’ येतं. त्याची सुरुवातच ‘परमिशन इज हिअरबाय ग्रँटेड’. ऑस्टिनचा लाडका शब्द इथेही हजर. वापरा, बदला, विका, वाटेल ते करा. डग्लस क्रॉकफर्ड या प्रोग्रामरने आपल्या सॉफ्टवेअरच्या परवान्यात एकच ओळ जास्त घातली, हे चांगल्यासाठी वापरावं, वाईटासाठी नव्हे. झालं! मोठ्या कंपनीच्या वकिलाचं पत्र आलं. आम्ही वाईटासाठी वापरणार नाही, पण आमचे ग्राहक काय करतील याची हमी कशी देणार? खास परवानगी मिळेल का? क्रॉकफर्डने एका भाषणात हा किस्सा रंगवून सांगितलाय. कंपनीचं नाव घेऊन तिला लाजवायचं नाही, म्हणून फक्त आद्याक्षरं सांगतो, म्हणाला, आय-बी-एम. त्याने लेखी परवानगी दिली, की आयबीएमला, तिच्या ग्राहकांना, भागीदारांना आणि चेलेचपाट्यांना हे सॉफ्टवेअर दुष्टपणासाठी वापरायला माझी अनुमती आहे. वकिलाने उत्तरादाखल आभार मानले.

आणि ‘बघू’

मराठी घरातल्या नकाराला ‘नाही’ म्हणत नाहीत, ‘बघू’ म्हणतात. सहलीला जाऊ? बघू. सायकल घ्यायची? बघू. ‘बघू’चा अर्थ पोराला कळतो, बापाला कळतो, आणि तरी नाही म्हटल्याचा आळ कुणावर येत नाही. मला वाटायचं, ही खास आपली कारागिरी. पण ब्रिटिश पार्लमेंटने विधेयक संमत केलं की राजाची मान्यता आजही जुन्या नॉर्मन फ्रेंचमध्ये जाहीर होते, ‘राजाची तशी इच्छा आहे’. आणि मान्यता नाकारायची असेल, तर त्यासाठी ठरलेलं वाक्य आहे, ‘राजा विचार करील’. म्हणजे बघू! हे वाक्य शेवटचं वापरलं गेलं १७०८ मध्ये, राणी ॲनच्या काळात, स्कॉटलंडच्या शिबंदीच्या विधेयकाला. त्यानंतर तिथल्या एकाही राजाने किंवा राणीने विधेयकाला ‘बघू’ म्हटलेलं नाही.